पासवर्डचा दुसरा भाग

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. नवरा म्हणतो, पायाला नाही, डोक्याला आहे. दोघंही खरंच बोलतात. जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमधून निघाले की जिन्याच्या पहिल्या वळणावरून मी परत वर येते, गॅस बघते, कुलूप ओढून बघते, आणि समोरच्या काकू जाळीच्या दारातून विचारतात, "झालं का समाधान?" दुधाच्या पिशवीवरची तारीख, आईच्या गोळ्यांवरची तारीख, नवऱ्याच्या स्कूटरच्या पीयूसीची तारीख, सगळं माझ्या डोक्यात एकाच वेळी फिरत असतं. लोक कुणाची रास विचारतात तशी मी मुदत विचारते. अशा बाईला देवानं, म्हणजे देव मी मानत नाही, पण ज्या कुणी दिलं त्यानं नेमकं मुदती सांभाळायचंच काम दिलं.

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी आहे. आम्ही एक छोटी डबी बनवतो. लस आणि रक्त ठेवायच्या फ्रीजला ती बसवतात. फ्रीज गरम व्हायला लागला की डबी आमच्या सर्व्हरला कळवते, आणि सर्व्हर त्या दवाखान्यातल्या नर्सचा किंवा कंपाउंडरचा फोन वाजवतो. कोकणात, घाटावर, जिथे डॉक्टर आठवड्यातून कधीतरी येतो अशा ठिकाणीही या डब्या आहेत. मी तो सर्व्हर सांभाळते.

डबी कुणाशीही बोलत नाही. आधी सर्व्हरकडे ओळखपत्र मागते. त्याला सर्टिफिकेट म्हणतात, आणि त्याला मुदत असते. मुदत संपायच्या आत नवीन करावं लागतं: सर्व्हरसाठी नवी प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त डिजिटल किल्ली, तयार करायची, तिचं सर्टिफिकेट बनवायचं, आणि त्यावर कंपनीचा शिक्का मारायचा. हा शिक्का म्हणजे दुसरी एक की, जिच्यावर सगळ्या डब्यांचा विश्वास आहे. आम्ही तिला मोठी की म्हणायचो. तिचा शिक्का नसेल तर डबी सर्व्हरला ओळखत नाही. मग फ्रीज गरम होऊ दे नाहीतर बंद पडू दे, कुणाचा फोन वाजणार नाही.

मोठी की एका जुन्या लॅपटॉपमध्ये होती. त्याला इंटरनेट कधी दाखवलेलं नव्हतं, वायफायचा भागच काढून टाकला होता. लॅपटॉप मालकांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात असायचा आणि वर्षातून एकदाच बाहेर यायचा. एवढं करूनही ती की एका लांबलचक पासवर्डनं बंद केलेली होती. पासवर्डचा पहिला भाग मला माहीत, दुसरा भाग सरांना. माझा भाग त्यांना माहीत नाही, त्यांचा मला नाही.

सर म्हणजे ज्यांनी मला नोकरीवर घेतलं ते. उंच, सडसडीत, कोकणातले, बारा महिने फुल शर्ट आणि बाह्या खाली सोडलेल्या. मी तेव्हा दिघ्याहून यायचे, डिप्लोमा केलेला, बोलायला लागले की थांबायचे नाही. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, की तू घरातून निघताना कुलूप ओढून बघतेस का. मी म्हटलं, दोनदा. त्यांनी लगेच सही केली. बाकीच्यांना माझ्या ज्या सवयीचा वैताग यायचा, तिची किंमत करणारा तो पहिला माणूस.

त्यांचे नियम होते आणि ते नियम म्हणजे नियम. मोठी की उघडताना खोलीत दोनच माणसं. एकानं टाइप करताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं. आत काय झालं ते बाहेरच्या कुणाला सांगायचं नाही, मालकांनाही नाही. बॅकअप घेतला म्हणजे झाला असं नाही, तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितला तरच तो बॅकअप. आणि आपापला भाग कुठेही लिहायचा नाही. एकदा एका ऑडिटरनं सुचवलं की दोन्ही भाग बंद पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. सर म्हणाले, "मग पाकीटच ठेवा नोकरीवर, आम्ही घरी जातो." तो निव्वळ हट्ट होता. मला तेव्हाही कळत होतं, पण सरांशी वाद घालायला माझी जीभ रेटायची नाही.

हे सगळं आम्ही खंडेनवमीच्या सकाळी करायचो. त्या दिवशी आमच्याकडे लाइन बंद असते. ड्रिल मशीन, सोल्डरिंगच्या गन, पाने, हातोड्या, सगळं धुऊनपुसून मांडतात, झेंडू घालतात, आणि मालकांच्या बायको, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, गुरुजींकडून पूजा करवून घेतात. त्यात लॅपटॉप आणि नवीन बॅकअपचे दोन पेनड्राइव्हही असतात, हळदीकुंकू लावून. एकदा पूजेत बसलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही. स्क्रू ढिला झाला तरी कुणी पेचकस उचलत नाही. म्हणून आमचं काम पूजेच्या आधी उरकायचं असायचं. माझ्या घरी हे काही नसतं. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून आईबरोबर दिघ्याच्या विहारात जातो. कंपनीच्या पूजेत मी बाजूला उभी राहते आणि पेढा खाते. वहिनींनी मला कधी कुंकवाचा आग्रह केला नाही, त्याबद्दल मला त्या आवडतात.

आता गंमत अशी की सर्टिफिकेटची मुदत चालते इंग्रजी तारखेनं आणि खंडेनवमी येते तिथीनं. अधिक महिना आला की दसरा पुढे सरकतो. हा हिशेब सर स्वतः करायचे, भिंतीवरचं कॅलेंडर काढून, बोटांवर मोजून, आणि वर थोडे दिवस मोकळे ठेवून मुदत घालायचे. पुढचा दसरा उलटून गेला तरी सर्टिफिकेट जिवंत असायचं. कधी चुकले नाहीत.

त्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास मी सहज मुदत बघितली आणि परत एकदा बघितली. ती दसऱ्याच्याच दिवशी संपत होती. वरचे दिवस घालायचे राहिले होते. म्हणजे खंडेनवमीला पूजेआधी काम झालं नाही, तर लॅपटॉप झेंडूत बसणार आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या डब्या मुक्या होणार. काम आधीच करून टाकता आलं असतं, पण मग मालकांना कपाट उघडायचं कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण म्हणजे सरांची चूक. मी गप्प बसले. एखादी चूक कुणाचीही होते, असं स्वतःला समजावलं.

मग मला बाकीचंही दिसायला लागलं. जेवणाच्या डब्यात काय आणलंय ते सर मला दोनदा विचारायचे. मीटिंगमध्ये बोलता बोलता थांबायचे आणि हसून म्हणायचे, "कुठे होतो मी?" सगळे हसायचे. मी नाही हसायचे.

आणि मग एक दिवस जुन्या जागेतून फोन आला. आमची कंपनी पूर्वी रबाळ्यातच दोन गल्ल्या पलीकडे होती. जागा सोडताना मी तिथल्या वॉचमनला माझा नंबर देऊन ठेवला होता, चुकून आमचं कुरिअर आलं तर म्हणून. तो जवळच्या गावातलाच, आगरी माणूस. म्हणाला, "मॅडम, तुमचं सायेब हितं येऊन बसलेत. पानी दिलंय त्याना. कोनाला भेटाचं ते सांगत नाय."

मी चालत नाही, धावतच गेले. तिथे आता बिस्किटांची पाकिटं बनवतात. सर रिसेप्शनच्या सोफ्यावर मांडीवर बॅग घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "अगं, आज लवकर आलीस?" मग त्यांची नजर काउंटरवरच्या बिस्किटांच्या चित्राकडे गेली आणि चेहरा उतरला. मांडीवरची बॅग सरळ करत म्हणाले, "जुनी जागा बघायला आलो होतो जरा."

"मीपण येते कधीकधी," मी म्हटलं. मी एकदाही गेले नव्हते. परत येताना मी रस्ताभर काहीबाही बडबडत राहिले, खड्डे, ट्रक, महापालिका, काय तोंडाला येईल ते.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. सरांना त्यांचा भाग आठवला नाही तर मोठी की गेली. प्रत्येक डबीकडे माणूस पाठवायचा, ती उघडायची, बदलायची, आणि तोवर तिथल्या फ्रीजचं जे होईल ते होईल. आणि हे कुणामुळे झालं ते सगळ्या कंपनीला कळणार. आधीच मालकांना सांगावं, तर मालक चांगले आहेत, म्हणजे चांगुलपणानंच त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवतील, शाल घालून. सरांना तर रिटायरमेंट या शब्दाचाच राग यायचा. लोक दवाखान्याचं नाव काढल्यावर विषय बदलतात तसा ते बदलायचे. मला काहीही करून त्यांची फजिती होऊ द्यायची नव्हती, आणि एकाही दवाखान्यातला फोन गप्प राहू द्यायचा नव्हता. या दोन गोष्टी एकत्र जमत नव्हत्या.

मी एक आडवाट काढली. मोठ्या कीला पर्याय म्हणून नवीन की बनवायची आणि जुनं सर्टिफिकेट जिवंत आहे तोवर गुपचूप सर्व्हरवरून डब्यांना कळवायचं, की यापुढे हिच्यावर पण विश्वास ठेवा. मग सरांचा भाग आठवो न आठवो. आठवडेच्या आठवडे मी त्याच्यामागे होते. शहरातल्या डब्यांनी निरोप घेतला. घाटातल्या, खाडीपलीकडच्या, जिथे रेंज येते-जाते, त्यांतल्या कितीतरी अडून बसल्या. नेमक्या त्याच, जिथे माणूस पोचायला सगळ्यात वेळ लागणार.

घरी मी भाजी करपवत होते. नवरा म्हणाला, "ऑफिसचं टेन्शन आहे का?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मग माझं आहे का?" मी त्याच्यावर खेकसले. त्याला सांगता येत नव्हतं, कारण आतलं बाहेर सांगायचं नाही. दिघ्याला आईकडे गेले तर तिथेही मी उठत-बसत होते. आई म्हणाली, "बुडाखाली खिळं हायेत का गं तुझ्या? बस की जरा. सारखं काय करायलीस?" मी तिच्या गोळ्यांच्या तारखा बघायला लागले.

एकदा न राहवून मी सरांना विचारलंच. "सर, यंदा आधी एकदा प्रॅक्टिस करायची का?"

"कसली प्रॅक्टिस?" ते म्हणाले. "नाटक बसवतोय का आपण?"

खंडेनवमीच्या सकाळी मी गॅस बघायलासुद्धा परत वर गेले नाही. कंपनीत पोचले तेव्हा दारात झेंडूचा ढीग पडला होता, वहिनी रांगोळी काढत होत्या आणि एका हातानं फोन कानाला लावून गुरुजींना शोधत होत्या. गुरुजींच्या त्या दिवशी एमआयडीसीत एकामागून एक पूजा असतात. ते स्कूटरवरून कधी येऊन उभे राहतील याचा नेम नसतो. "तुमचं आटपा गं लवकर," वहिनी म्हणाल्या. "ते आले की थांबत नाहीत."

कपाटातला लॅपटॉप घेऊन सर्व्हरच्या खोलीत आम्ही दोघं गेलो. दाराला वर काचेची एक चौकट आहे, बाकी खोली बंद. आधी मी बसले, सरांनी भिंतीकडे तोंड केलं, मी माझा भाग टाइप केला आणि उठले. मग ते बसले, मी भिंतीकडे. दरवर्षी त्यांची बोटं भरभर चालायची. मला अक्षरं कळायची नाहीत, पण चाल ओळखीची झाली होती. या वेळी दोन-तीन अक्षरं वाजली आणि थांबली. परत काही वाजली. मग एंटर.

"चुकलं," ते म्हणाले. "कीबोर्ड आखडलाय."

एकदा चुकलं की पासवर्ड पहिल्यापासून. परत मी बसले, ते उठले. परत ते बसले, मी उठले. परत चुकलं. आम्ही त्या छोट्याशा खोलीत एकमेकांना वाट देत खुर्चीभोवती फिरत होतो. एसी सुरू असूनही सरांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. आणखी एकदा झाल्यावर त्यांनी लॅपटॉपवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

मी मनात खोटं तयार करत होते. हार्ड डिस्क गेली आणि बॅकअपही उघडत नाहीत म्हणावं. लॅपटॉप जुना आहे, कुणालाही पटेल. त्यांच्यावर काही येणार नाही.

"रोज येतं गं," सर म्हणाले. मी वळून बघितलं, ते माझ्याकडे बघत नव्हते. "मुदत घालताना चुकलो हे नंतर माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून रोज सकाळी चालायला जातो ना, तेव्हा म्हणतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बायकोला वाटतं मी नामजप धरलाय. खूश आहे ती."

मला हसू फुटलं.

"बसून कधी म्हणून बघितलं नाही," ते म्हणाले. "बसल्यावर येतच नाहीये."

आयुष्यभर मला लोक सांगत आले, जरा एका जागी बस. त्या क्षणी मला कळलं की इथे बसून उपयोग नाही. मी लॅपटॉप बंद केला, खोलीला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि म्हटलं, "चला सर. चालून येऊ."

वहिनींनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालंच." त्या म्हणाल्या, "गुरुजी निघालेत तिकडून."

आम्ही फाटकाबाहेर पडलो. गल्लीत ठिकठिकाणी ट्रक आणि टेम्पो धुऊन उभे केले होते, त्यांच्या तोंडावर हार, रस्त्यावर साबणाचं पाणी. सर पाठीमागे हात बांधून पुढे चालू लागले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. त्यांचा भाग मला ऐकू येऊन चालणार नव्हता. मी मागे राहिले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. तेवढ्यानं भागेना म्हणून गुणगुणायला लागले, काय ते आठवत नाही, सूर नव्हताच त्याला. पुढे पुटपुटत चाललेला एक मोठा माणूस आणि मागे कानांत बोटं घालून गुणगुणणारी एक बाई. एका फाटकावरचा सिक्युरिटीवाला ओरडला, "काय मॅडम, सायबाशी भांडन झाला काय?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाही ठाऊक नाही.

सर पहिल्या वळणापर्यंत गेले, थांबले, मान हलवली, परत चालू लागले. गल्लीच्या टोकाला वळून ते परत येताना मला त्यांचा चेहरा दिसला. डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर घाम, आणि परीक्षेला जाणाऱ्या मुलासारखी धास्ती. या माणसाच्या हाताखाली मी शिकले होते. मला त्यांची इतकी माया कधीच वाटली नव्हती, आणि इतका संतापही आला नव्हता, कुणावर ते मात्र सांगता येत नव्हतं.

मग एकदम त्यांनी हात वर केला. माझ्याशी बोलू नको, असा. काठोकाठ भरलेलं पातेलं घेऊन निघाल्यासारखे ते ताठ, सावकाश कंपनीकडे चालू लागले. मी पुढे धावले. फाटक उघडलं, रांगोळीपाशी घोटाळणाऱ्यांना बाजूला केलं, वहिनी काही विचारणार तोच त्यांना हातानंच थांबवलं, कुलूप उघडलं, लॅपटॉप सुरू केला, माझा भाग टाइप केला आणि उडी मारून भिंतीकडे तोंड केलं. सर बसले. बोटं वाजायला लागली. भरभर, न थांबता, ओळखीच्या चालीनं. एंटर. मग काही नाही, फक्त पंख्यांचा आवाज.

"उघडली," सर म्हणाले.

मी तिथेच खाली बसले. ते म्हणाले, "बसतेस काय, गुरुजी येतायत." मग आम्ही कामाला लागलो. सर्व्हरसाठी नवी की तयार केली, सर्टिफिकेट केलं, त्यावर मोठ्या कीचा शिक्का मारला. मुदत घालताना त्यांनी मला सांगितलं, "तू मोज." मी मोजली, वरचे दिवस घातले. आता फक्त सगळं एका फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्यायचं राहिलं होतं.

"थांब," सर म्हणाले. "एक्स्पोर्ट नंतर. आधी माझा भाग बदल."

"कशाला?" मी म्हटलं. मला कळलं होतं, तरी म्हटलं.

"आत्ता उघडी आहे तोवर बदलता येईल. मग बॅकअप नवीन पासवर्डनं घे."

"सर, आठवलं ना तुम्हाला. पुढच्या वर्षी परत चालू आपण. दोन फेऱ्या जास्त मारू."

"पुढच्या वर्षी मी चालत कुठे पोचेन, ते सांग मला," ते म्हणाले. ते रागावलेले नव्हते. "त्या दिवशी मी जुनी जागा बघायला गेलो नव्हतो."

"मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं ते मलाही माहीत होतं. म्हणून तर यंदा हट्टानं बसलो. एकदा माझ्या हातानं उघडायची होती. उघडली. आता बदल."

मी खूप बोलले. एवढ्यात काय घाई, डॉक्टरला दाखवू, गोळ्या असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून बाहेर गेले. मोठी की उघडी असताना मला खोली सोडता येत नव्हती. मी दाराच्या काचेतून बघत राहिले. ते मालकांच्या केबिनपाशी गेले. दोन वाक्यंच बोलले असतील. मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सरांनी तो हळूच बाजूला केला आणि काहीतरी पुढचं सांगितलं, बहुतेक कामाचंच.

परत येताना त्यांच्याबरोबर टेस्टिंगमधल्या बाई होत्या. बाहेर जाणारी प्रत्येक डबी त्या तपासतात, आणि त्यांच्या पोटातलं ओठावर येत नाही. सरांनी दारातच उभं राहून त्यांना नियम सांगितले. खोलीत दोघंच. एकानं टाइप करताना दुसऱ्यानं भिंतीकडे. कुठे लिहायचं नाही. इथे ते अडखळले आणि म्हणाले, "लिहून पाकिटात ठेवायचं का, ते तुम्ही दोघी ठरवा. मी चुकीचा हट्ट धरला होता." मग त्यांनी खुर्चीकडे हात केला. "बसा."

बाई आत आल्या. सर आत आले नाहीत. मी म्हटलं, "सर, या ना, बॅकअप उघडून बघायचाय अजून."

"आता तुम्ही दोघी आहात," ते म्हणाले. "दार लावून घे."

मी दार लावून घेतलं. बाईंनी स्वतःचा नवा भाग टाइप केला, एकेक अक्षर बघून, वेगळ्याच चालीनं, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मला रडू येत होतं आणि ते भिंतीशिवाय कुणाला दिसत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं होतं. मग फाइल एक्स्पोर्ट केली, दोन्ही पेनड्राइव्हवर घेतली, दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली. दोन्ही उघडल्या. नवं सर्टिफिकेट सर्व्हरवर चढवलं. बाहेर घंटा वाजायला लागली होती.

लॅपटॉप ताटात ठेवून मी बाहेर आले. गुरुजी आले होते, घाईत होते. वहिनींनी लॅपटॉपवर कुंकू वाहिलं. सर मागे, पाण्याच्या कूलरपाशी उभे होते. बाकीच्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "दोन्ही बॅकअप उघडून बघितले, सर. पहिल्या झटक्यात उघडले."

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला, सकाळपासून पहिल्यांदाच. आणि लगेच कपाळाला आठी पडली. "हे तू मला सांगायला नको होतंस," ते म्हणाले. "मी आता बाहेरचा आहे."

मी सॉरी म्हटलं. पुन्हा सांगणार नाही, असंही म्हटलं.

पुढच्या खंडेनवमीला ते पाहुणे म्हणून पूजेला आले. बायको बरोबर होती, तिनं त्यांचा हात धरला होता. मी ताट घेऊन खोलीतून बाहेर आले, तेव्हा ते समोरच उभे होते, माझ्याकडे बघून छान हसले. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनीही काही विचारलं नाही. नियम आठवत होता म्हणून विचारलं नाही, की विचारण्यासारखं काही आहे हेच विसरले होते, ते मला कळलं नाही.